दोन पानांची मजुरी

पांढुर्णा
१ सप्टेंबर १९८५

विशाखाचे बाबा,

जय भीम. खुशाली मी लिहीत नाई, कारण तुम्ही ती विचारली नाई.

शनिवारी येतो म्हणलं होतं. मी पोरीले कडेवर घेऊन दोनदा बसस्टँडवर गेली. गुणवंताभाऊची सौंसरची गाडी आली. सगळे उतरले, कोंबड्याची टोपलीही उतरली, तुम्ही नाई उतरले. गुणवंताभाऊ मले पाहून तिकिटाची बॅग उगीच उलटीपालटी करून राहिले, तवाच मी समजली. म्हणे, "वहिनी, श्रीकांतरावच्या बगीच्यात आळे खोदणं चालू हाय, म्हणून श्रावणभाऊ रुकले."

त्याचे आळे खोदाले तुम्ही काहून रुकले? तुम्ही काय त्याचे नोकर हाय?

लोक विचारतात, बाई, नवरा कुठं गेला? मी म्हणते, सौंसरले, पुस्तक वाचाले. मंग ते हासतात. हासतीलच. पुस्तक वाचाले कोणी फावडं घेऊन जाते का? दिवसभर तुम्ही त्याच्या संत्र्याच्या झाडाखाली खोदता अन् संध्याकाळी त्याच्या ओसरीवर बसून दोन पानं वहीत उतरवता. मजुरी काय, तं दोन पानं. मी चौथी शिकली, पण येवढं मले समजते की दोन पानं शिजत नाई.

तुम्ही जाताना म्हणलं, "चंद्रकला, तुले नाई समजणार." मले सगळं समजते. मीच लिहून काढते, मंग वाचून पाहा कसं दिसते. नागपूरच्या गादीसाठी भोसल्यांचे दोघं भाऊ एकमेकाशी लढले, त्या लढाईचं ते पुस्तक. छापखाना बंद पडला, लिहिणारा वकील मेला. तुम्ही सीताबर्डीच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकवाल्याईले विचारून आले, कोणाजवळ नाई. फक्त श्रीकांतरावच्या घरी एक हाय. तुम्ही उन्हाळ्यात त्याच्या संत्र्याच्या पेट्या उचलाले गेले, तवा तुम्ही बोलता बोलता मामाजीची गोष्ट काढली अन् तो म्हणला, "अरे श्रावण, तुझ्या पूर्वजांची नावं आहेत त्या पुस्तकात. मी स्वतः वाचली आहेत." बस. तवापासून तुम्ही घरचे राहिले नाई.

अन् मामाजी तं तुमचे बापच. लग्न होऊन आली तवापासून मी ऐकते. येसनाक मोठ्या भावाच्या हत्तीपुढं मशाल धरून उभा, अन् त्याचा सख्खा भाऊ भिकनाक लहान्या भावाच्या फौजेत. राजे भाऊ भाऊ लढले, आपले भाऊ भाऊ मेले. मामाजी सांगतात तवा माझ्याही अंगावर काटा येते, मी खोटं नाई बोलत. पण तुम्ही म्हणता, तोंडी सांगितलं तं कोणी मानत नाई, छापलेलं पाहिजे. कोणाले मानाले लावता? गल्लीतले लोक तं मानतातच. बाकीच्याईले छापलेलं दाखवलं तरी ते आपला चहा अलग कपातच देतील.

दसरा झाला की कापसाचं जिनिंग चालू होईन. मुकादम पहिल्या दिवशी जो दिसत नाई त्याची जागा दुसऱ्याले देते, हे तुम्हीच मले सांगितलं. तोवर रोजी करा, घरी या, नाई तं काहीच नका करू, पण घरी या.

पोरीले थोडं पडसं हाय. बाकी ठीक.

चंद्रकला


पांढुर्णा
१६ सप्टेंबर १९८५

विशाखाचे बाबा,

पडसं नव्हतं. तवाच तिच्या छातीत घरघर होत होती. मी लिहिलं नाई, कारण मले वाटलं की लिहिलं तं ते खरं होईन. पोळ्याच्या आधी गुणवंताभाऊजवळ निरोप पाठवला की पोरीले बुखार हाय. तुमचा उलटा निरोप आला, "उद्या येतो." उद्या कोणता, ते नाई सांगितलं.

काल गोटमार होती, आपले अन् सावरगावचे लोक नदीतल्या झेंड्यासाठी एकमेकाले गोटे मारत होते. तिकडून एकही गाडी येणार नव्हती, हे तुम्हाले मालूम होतं. म्हणजे परवाच यायले पाहिजे होतं.

काल सकाळी तिनं डोळे फिरवले. मी तिले फडक्यात गुंडाळून दवाखान्यात पळाली. मामाजी मागून काठी टेकत येत होते, मी त्याईच्यासाठी रुकली नाई. रस्त्यानं सगळे लोक नदीकडं चालले, मी एकटी उलटी. दवाखान्यात पाय ठेवाले जागा नव्हती. कोणाचं डोकं फुटलं, कोणाचा दात पडला. एक जण तोंडावर रक्ताचा टॉवेल धरून हासून राहिला, म्हणे झेंडा आपलाच हाय. अन् माझ्या छातीशी पोरगी भट्टीसारखी तापली होती. माझं डोकंच फिरलं. मी वरडली, "याईनं आपल्या खुशीनं गोटे खाल्ले! माझ्या पोट्टीनं कोणाले गोटा मारला नाई, तिले पाहा आधी!"

मंग बाकावरचा एक माणूस उठला. सावरगावचा होता, कपाळ अर्धं फाटलेलं. म्हणे, "घे बाई, माझा नंबर तू घे. मी काई आज मरत नाई." त्याचं नाव मी विचारलं नाई. त्याच्या बायकोले मी मनातल्या मनात लय आशीर्वाद दिला.

डॉक्टर म्हणले, निमोनिया. सुया चालू हाय. आज तिनं दूध घेतलं अन् माझं नाक ओढलं.

आता ऐका. आपली मोठी पोरगी गेली तवाही पडसंच होतं. तवा तुम्ही जिनिंगात होते, कामावर होते, मी तुम्हाले कधी बोल लावला नाई अन् आजही लावत नाई. पण तवापासून मले एकटीले भेव लागते. पोरगी झोपली की मी तिच्या नाकाजवळ बोट धरून बसते. मामाजी म्हणतात, "बाई, तू तिचा श्वास मोजणं सोड, तिले घेऊ दे." मी हासते. पण बोट काढत नाई.

तुमच्या पुस्तकातले सगळे मेलेलेच हाय ना? मंग ते कुठं पळून जातात? ते थांबतील. तुमची ही थांबली नसती तं?

तुम्ही मोठीनंतर कधी रडले नाई. मले मालूम हाय. तुम्ही पुस्तकं शोधाले लागले. पण मीही तिची माय होती, मले कुठं जायले भेटलं नाई.

चंद्रकला


पांढुर्णा
२९ सप्टेंबर १९८५

विशाखाचे बाबा,

पत्र भेटलं. चार ओळी पोरीच्या, अन् मंग तोफा, घोडे, हत्ती. मी मामाजीले वाचून दाखवलं. मी वाचताना अडखळते, तरी ते डोळे मिटून ऐकून राहिले. म्हणे, "हत्ती आला म्हणजे आता आपला येसनाक येईन." दोघं बापलेक सारखेच.

पण मी त्यासाठी नाई लिहीत. आज गुणवंताभाऊ घरी आले होते. मामाजीसाठी तंबाखू घेऊन. बोलता बोलता त्याईच्या तोंडून निघालं. ते भाजीची गोणी टाकाले श्रीकांतरावच्या घरी गेले होते. म्हणे, श्रावणभाऊ ओसरीच्या खालच्या पायरीवर, मांडीवर वही. पुस्तक वरती पाटावर. अन् पानं श्रीकांतराव स्वतः उलटवतात.

मी म्हणलं, "ते काहून नाई उलटवत? त्याईच्या हाताले काय झालं?"

म्हणे, "वहिनी, पुस्तक जुनं हाय म्हणतात. फाटते."

मी म्हणलं, "श्रीकांतरावच्या हातानं नाई फाटत?"

गुणवंताभाऊ तंबाखू मळत बसले. मंग म्हणले, "चहा मात्र देतात."

"कशात?"

तं ते उठलेच. म्हणे, गाडीचा टैम झाला.

तुम्ही मले हे कधी सांगितलं नाई! तुम्ही आठवी शिकले, तुम्ही दर चौदा एप्रिलले गल्लीत भाषण देता, तुमच्या भाषणात मी पोरीले घेऊन पहिल्या रांगेत बसते. अन् तिथं तुम्ही खालच्या पायरीवर बसून मान वर करता अन् दुसरा तुम्हाले पान पलटवून दाखवते? आपल्या आज्यानं मेलेलं ढोर ओढणं सोडलं. मामाजीनं छप्पन साली नागपूरले जाऊन देव सोडले. तुम्ही काय सोडलं? तुम्ही उलटं धरलं!

मी मामाजीले सांगितलं. मले वाटलं ते तुमची बाजू घेतील. त्याईनं तंबाखू थुंकली. मंग म्हणले, "येसनाकनं मशाल आपल्या हातात धरली होती."

येवढंच. मी ते जसंच्या तसं लिहिलं.

आता सांगा, तुम्ही कवा येता?

चंद्रकला


पांढुर्णा
१३ ऑक्टोबर १९८५

विशाखाचे बाबा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मले वाटलं मीच चुकीचं वाचून राहिली.

तुम्ही लिहिता, "श्रीकांतराव मनाने चांगले आहेत. त्यांनी बगीच्यातली झोपडी द्यायचं कबूल केलं आहे. तू आणि विशाखा इकडेच या. तू गोठ्याचं पाहशील. दसऱ्यानंतर सालाचं नक्की करू." माझ्याशी लिहितानाही तुम्ही आता त्याच्यासारखं लिहाले लागले.

सालगडी! हा शब्द तुम्ही नाई लिहिला, तुम्हाले लाज वाटली असन. मी लिहिते. तुम्ही सालगडी होणार, मी शेणाच्या पाट्या उचलणार, अन् विशाखा मोठी होऊन त्याच्या नातवाले खेळवणार. मंग तिचा नवराही तिथंच झोपडीत येईन. कायच्यासाठी? तं त्याईनं आता पुढची पानं बंद केली. "पुढची पानं संत्रा उतरल्यावर दाखवू." मंग संत्रा उतरला की म्हणतील नवीन बहार धरल्यावर. तुम्हाले कसं दिसत नाई? बैलासमोर पेंडी बांधतात अन् बैल चालत राहते. बैल तं येवढा शिकलेला नसते.

मी तिथं येणार नाई. पोरीले पाठवणार नाई. मी मोहगावले माहेरी जाईन, पण त्या झोपडीत पाय ठेवणार नाई.

मले भेव कायचं वाटते ते सांगते. तुम्ही मारत नाई, पीत नाई, दुसरी बाई नाई. असं काई असतं तं मी दहा लोकाईत वरडली असती, पंचात गेली असती. पण पुस्तकासाठी नवरा गेला म्हणून कोणाकडं जाऊ? लोक म्हणतात, "किती चांगला छंद हाय." माझी शेजारीण सुशीला म्हणे, "तुझं नशीब, माझा तं पत्ते खेळते." मले तिच्याशी भांडावं वाटलं अन् मंग रडू आलं.

दसऱ्याले आपण तिघं दीक्षाभूमीले जायचं ठरलं होतं. पोरीसाठी मी पांढरं झबलं शिवलं. तुम्ही आले नाई तं मी काय करीन, ते मलेही माहीत नाई. म्हणून तुम्हीही नका विचारू.

चंद्रकला


पांढुर्णा
२३ ऑक्टोबर १९८५

विशाखाचे बाबा,

काल मी सौंसरले आली होती. तुम्ही बगीच्यात राखणीवर होते, मी बगीच्याकडं आली नाई. मुद्दाम. तुम्हाले पाहिलं असतं तं मी फक्त रडली असती, अन् मले रडाले नव्हतं यायचं.

सकाळी सगळी गल्ली पांढरे कपडे घालून नागपूरच्या गाडीले निघाली. मामाजीही गेले, सुशीलाच्या घरच्याईसंगं. मी पोरीले पांढरं झबलं घातलं अन् उलट्या गाडीत बसली. गुणवंताभाऊ म्हणले, "वहिनी, दीक्षाभूमी तिकडं हाय." मी म्हणलं, "मले इकडं काम हाय."

आता सगळं नीट लिहिते, कारण तुम्हाले ते वेगळं सांगतील.

मी पायरीवर नाई बसली. वरती ओसरीवर जाऊन उभी राहिली. श्रीकांतराव झोपाळ्यावर होते. म्हणले, "कोण गं तू?" मी म्हणलं, "श्रावणची बायको. मी ते पान पाहाले आली."

"कोणतं पान?"

"ज्याच्यात आमच्या येसनाकचं नाव हाय. ते दाखवा, मी माझ्या माणसाले सांगते अन् घरी घेऊन जाते."

ते हासले. चांगलं हासले, रागानं नाई. म्हणले, "अगं, आज दसरा. पुस्तकं पूजेत मांडलीत. पूजेतलं पुस्तक आज वाचत नसतात."

तिथंच कोपऱ्यात मांडलं होतं सगळं. खाली नवं फडकं, त्यावर इळे, कोयते, कलमाची कात्री, अन् एका बाजूनं पुस्तकं. सगळ्यात वर तुमचं ते, लाल कापडी पुठ्ठ्याचं, हळदीकुंकू लावलेलं, त्यावर झेंडूचं फूल. इळ्यांना कशी धार होती. तुम्हीच लावली असन.

मी म्हणलं, "ठीक हाय. नका वाचू. तुम्ही तं आधी वाचलं हाय. तोंडी सांगा. काय लिहिलं हाय त्याईच्याबद्दल?"

ते म्हणले, "असं पाठ थोडंच असतं?"

"पूर्ण नका सांगू. नाव तेवढं सांगा. एकाचं सांगा, दोघाईपैकी."

झोपाळा थांबला. मंग म्हणले, "श्रावणला सांगितलंय मी, संत्रा उतरल्यावर..."

तेवढ्यात तुमच्या पोरीनं काम केलं. मी तिले खाली सोडली होती. ती रांगत गेली अन् तिनं झेंडू ओढला. फुलासंगं पुस्तक आलं, खाली पडलं. आतून त्याईची माय वरडली, "अगो बाई, पूजा बाटवली! त्या पोरीला उचल आधी!" मी पोरीले उचललं. अन् पुस्तकही उचललं. आपल्या हातानं. फाटलं नाई ते.

मी उघडून पाहिलं. जिथवर तुम्ही उतरवलं तिथवर पानं उघडतात, तिथं दोरा घातलेला हाय. त्याच्या पुढं उघडतच नाई. पानं एकाले एक जुळलेली, वरच्या बाजूनं घडीची घडी, छापखान्यातून आली तशी. शाळेत आपल्याले नवीन वहीत एखादं पान असं जुळलेलं भेटाचं, तसं. अर्धं पुस्तक! कोणी कधी कापलंच नाई. त्याच्या बापानं अर्धं वाचलं असन अन् ठेवून दिलं असन. यानं तं दोऱ्याच्या पुढं बोटही घातलं नाई. म्हणून तुम्हाले तिथं थांबवलं. पुढं दाखवाले गेला असता तं तुमच्यासमोर सुरी घेऊन बसावं लागलं असतं, अन् तुम्ही विचारलं असतं, मालक, तुम्ही वाचलं कसं?

मी त्याईच्याकडं पाहिलं. मी म्हणलं, "हे तुम्ही वाचलं?"

त्याईनं पुस्तकासाठी हात पुढं केला. पण त्याईची बायको अलकाबाई दारात येऊन उभी होती. तिनंही पाहिलं. ती म्हणली, "अहो, तुम्ही तर म्हणाला होतात..." अन् अर्ध्यातच थांबली.

मंग माझं डोकं फिरलं. दवाखान्यात फिरलं होतं तसं. मी पूजेतला इळा उचलला. त्याईची माय म्हणे, "मारते की काय ही!" मी म्हणलं, "आजी, भिऊ नका, मी पान कापते." भाजी चिरतात तशी मी एक एक घडी कापली. एक-दोन पानं तिरपी गेली, ते मी कबूल करते. श्रीकांतराव उभे राहून "ठेव ते, ठेव ते" म्हणत राहिले, पण जवळ कोणी आलं नाई. इळा होता ना.

मले बारीक अक्षर लवकर वाचता येत नाई. मी अलकाबाईले म्हणलं, "बाई, तुम्ही वाचा. तुम्ही शिकलेल्या हाय." मले वाटलं ती नाई म्हणन. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मंग पदराले हात पुसले अन् पुस्तक घेतलं. उभ्या उभ्या पानं चाळली. लय वेळ लागला. पोरगी झेंडू खात होती, मी तिच्या तोंडातून पाकळ्या काढत होती. मंग अलकाबाई म्हणली, "इथे आहे काहीतरी. महार असा शब्द आहे."

खरं सांगते, त्या वेळी मलेही वाटलं की नाव असावं. तुमच्यासाठी नाई. मामाजीसाठी. अन् थोडं तुमच्यासाठी.

तिनं वाचलं. मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं, म्हणून पाठ झालं. आधी सरदारांची नावं, कोण कुठं पडला, कोणाचा घोडा कोणत्या रंगाचा. हो, घोड्याचंही नाव हाय. मंग असं हाय: "याशिवाय मशालजी, महार वगैरे किरकोळ लोक दोन्ही बाजूंस पडले. त्यांची मोजदाद ठेवलेली आढळत नाही."

बस. पुढं पुन्हा सरदार.

अलकाबाईनं माझ्याकडं नाई पाहिलं. ती हळूच म्हणली, "पुढे बघू का अजून?" मी म्हणलं, "बघा." तिनं शेवटवर पाहिलं. नाई.

मी पुस्तक तिथंच पाटावर ठेवलं. मी चोर नाई. इळाही ठेवला. उतरताना खालच्या पायरीवर बसावं वाटलं, पण मी बसली नाई. त्या पायरीवर नाई. बसस्टँडवर जाऊन खाली मातीत बसली.

मामाजी दीक्षाभूमीवरून आज आले. त्याईले मी सांगितलं. मले वाटलं खचतील. ते म्हणले, "किरकोळ? अगं, येसनाक साडेपाच हात उंच होता." मंग म्हणले, "लिहिणाऱ्यानं पाहिला नसन."

तुमची वही तुमच्याजवळ हाय. जेवढं उतरवलं त्यात आपलं काई नाई, अन् जे राहिलं त्यात हे येवढंच हाय. यासाठी तुम्ही आळे खोदले. यासाठी मी पोरीले घेऊन दवाखान्यात एकटी होती. तुमचा राग मले होता, आजही हाय. पण काल त्या ओसरीवर उभी असताना मले तुमचा राग नाई आला. मले असं वाटलं की माझ्या माणसाले कोणीतरी पायरीवर बसवून फसवलं, अन् त्या माणसाले मी चांगलं ओळखते, तो येड्यासारखा विश्वास ठेवते.

सोमवारी जिनिंग चालू हाय. मुकादमानं निरोप दिला. मी पुन्हा बसस्टँडवर येणार नाई. दार उघडं ठेवते.

चंद्रकला


पांढुर्णा
४ नोव्हेंबर १९८५

श्रीकांतराव यांस,

तुमचा निरोप गुणवंताभाऊनं सांगितला. मी पूजा बाटवली, पुस्तक खराब केलं, नवऱ्याले घेऊन ओसरीवर येऊन माफी मागावी, नाई तं ठाण्यात रिपोर्ट देता.

ठाण्याचं नाव काढलं की मले भेव लागते, ते तुम्हाले मालूम असन म्हणूनच सांगितलं. दोन दिवस दारावर कोणी आलं की मी पोरीले घेऊन मागच्या खोलीत जात होती. मंग मी विचार केला, रिपोर्टात तुम्ही काय लिहिणार? की या बाईनं जे पान आम्ही कधी उघडलं नव्हतं, ते उघडलं? लिहा. अलकाबाईले विचारा म्हणावं, ती साक्ष देईन. ती खोटं बोलणार नाई असं मले वाटते.

माझा माणूस जिनिंग चालू व्हायच्या आधीच्या शनिवारीच आला. अर्ध्या वाटेपर्यंत पायी आला, तिथून गाडी भेटली. वही घेऊन आला. पोरीले घेऊन दिवसभर बसला. मंग मामाजीसमोर बसून रडला, अन् मी चुलीजवळून पाहिलं की तो पुस्तकासाठी नव्हता रडत, आमच्या मोठीसाठी रडत होता, तिचं नाव घेऊन. त्यात तुमचा काई संबंध नाई. मी उगीच लिहिलं.

आता तो जिनिंगात जाते. तुमच्या संत्र्याले राखण दुसरी पाहा. तुमची झोपडी दुसऱ्याले द्या, पण त्याले आधीच सांगा की कायच्या बदल्यात.

माफी मागाले मी येणार नाई, तोही नाई. फावड्याचा हिशोब आम्ही मागत नाई. पुस्तक तुमचं हाय, तुमच्याजवळच राहू द्या. पुढच्या दसऱ्याले हळदीकुंकू लावा.

फक्त एक काम करा. तुम्ही त्याले म्हणले होते की त्यात नावं हाय, तुम्ही स्वतः वाचली. तुमचं बोलणं खोटं पडू नये म्हणून सांगते. घोड्याच्या नावाच्या खाली, किरकोळ लिहिलं हाय तिथं, पेन घेऊन लिहा: येसनाक, मोठ्या भावाकडून. भिकनाक, लहान्या भावाकडून. दोघं सख्खे भाऊ.

पान आता उघडते. बाजूले कोरी जागा हाय, मी पाहिली.

चंद्रकला श्रावण